एका पाइपावरची घरं

एमिल गोत्लिबोविच गेले त्याच्या नवव्या दिवशी त्यांच्या खोलीतला रेडिएटर गळायला लागला.

गळती म्हणजे काही धो धो नव्हती. व्हॉल्व्हच्या चाकाखाली, दांडा जिथे आत शिरतो तिथे, एक थेंब जमायचा, फुगायचा आणि पडायचा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक. रिम्माने खाली एनॅमलचा मग ठेवला. वडील असताना हा व्हॉल्व्ह गळलेला तिने कधी पाहिला नव्हता. दर वर्षी थंडीच्या तोंडावर ते पाना घेऊन त्याच्यापाशी गुडघे टेकून बसत, काहीतरी पुटपुटत, आणि ती पलीकडच्या खोलीत पुस्तक वाचत असे.

मगावर भागलं असतं. पण एक थेंब मगात पडे, तर दुसरा पाइपाच्या अंगाने ओघळून लाकडी फरशीच्या फटीत शिरे, आणि त्या फटीखाली चौथ्या मजल्यावर ओराझबेक आगांची खाट होती. आगांनी एकतीस वर्षं खाणीत काढली होती. कोळसा वर आला तसा थोडा त्यांच्या छातीतही येऊन बसला होता. दोन वर्षं ते खाटेवरच होते. डॉक्टरीणबाई दर खेपेला एकच सांगून जाई : ओल नको, गारठा नको. एकदा का छातीत थंडी भरली, की मग मला बोलावू नका.

दहाव्या दिवशी रिम्मा खाली गेली. आगांच्या बायकोने, कुलाश-आपांनी, दार अर्धंच उघडलं.

"छताला डाग पडलाय ना, आपा?"

"पडलाय एवढासा. चहाच्या बशीएवढा. तू त्याची काळजी करू नकोस गं, तुझ्यावरून ओवाळून टाकावं मला. जेवलीस का?"

रिम्मा वर आली, व्हॉल्व्हचं चाक टॉवेलात धरलं आणि दोन्ही हातांनी उजवीकडे आवळलं. चाक आधी हललं नाही, मग एकदम फिरलं. ती शेवटपर्यंत फिरवत गेली. थेंब थांबला. पाच मिनिटं थांबून तिने खाली बोट लावून पाहिलं. कोरडं. वडील गेल्यापासून या घरात तिने स्वतःच्या हाताने धड केलेलं हे पहिलंच काम होतं. संध्याकाळपर्यंत रेडिएटर निवला, खोली गार पडली. पडू दे, तिथे कोण निजणार आहे आता, असं म्हणून तिने दार लोटून घेतलं. तिची स्वतःची खोली आणि स्वयंपाकघर घराच्या दुसऱ्या अंगाला, दुसऱ्या पाइपावर. तिकडे नेहमीसारखीच ऊब होती.

त्यानंतर तीन आठवडे गेले. जानेवारी लागला. कारागांडात जानेवारी म्हणजे चिमण्याही चालत जातात, असं आगा म्हणायचे. रिम्मा सकाळी भूगर्भ कार्यालयात जायची, जमिनीच्या पोटात कोळशाचे थर कसे चढत-उतरत गेलेत त्याचे उभे छेद कागदावर काढायची आणि अंधार पडायच्या आत घरी यायची. ऑफिसात, दुकानात, जिन्यावर, दिवसातून वीसदा कोणी ना कोणी तिला रिम्मा एमिल्येव्हना म्हणे, म्हणजे दिवसातून वीसदा तिच्या बापाचं नाव घेई. इतकी वर्षं ते तिच्या कानाला जाणवलंही नव्हतं.

जिन्यावर माणसं बोलत उभी असली, की ती येताच गप्प होत. तळमजल्यावरच्या झोया मार्कोव्हना आपल्या फुलझाडांच्या कुंड्या एकेक करून जिन्यातल्या खिडकीत आणून ठेवताना तिला दिसल्या. "हवापालट," त्या म्हणाल्या आणि आत वळल्या. ज्या घरात मृत्यू होऊन गेलाय त्या घरच्या माणसाशी लोक जपून वागतात, हे रिम्माला ठाऊक होतं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. कोणी काही विचारत नव्हतं.

कुलाश-आपा मात्र दर शुक्रवारी वर येत. शुक्रवारी त्या गेलेल्यांच्या नावाने सात शेल्पेक तळत, पातळ, मोठ्या, पुरीसारख्या फुगलेल्या, आणि त्यात या वेळी एमिल गोत्लिबोविचचंही नाव घेत. "तो जर्मन होता, त्याला चालेल का कोण जाणे," असं पहिल्या शुक्रवारी म्हणाल्या होत्या, "पण तेलाचा वास वर सगळ्यांनाच जातो."

तेहतिसाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, रिम्मा त्यांची थाळी परत द्यायला निघाली. थाळी रिकामी द्यायची नसते म्हणून तिने वर सफरचंदं ठेवली. आपा नेहमी थाळी दारातच घेत. त्या दिवशी दोनदा दार वाजवलं तरी कोणी आलं नाही.

"दार उघडंच आहे!" आतून आगांचा आवाज आला. "चोर असलास तर बूट बाहेर काढ, म्हातारीने आत्ताच फरशी पुसलीय!"

आवाज खोलीतून नव्हता. स्वयंपाकघरातून होता.

चूल आणि टेबल यांच्यामध्ये घडीची खाट मांडली होती आणि तिच्यावर ओराझबेक आगा तीन रजया पांघरून पडले होते. डोक्यावर कान झाकणारी केसाळ टोपी. चुलीच्या चारही शेगड्या पेटलेल्या, वर काही नाही.

"आगा, तुम्ही इथे?"

"मग? बढती मिळालीय मला." ते हसले आणि हसण्याचा खोकला झाला. तो बराच वेळ चालला. "इथून कढईत काय पडतं ते दिसतं. पन्नास वर्षं ही बाई मला सांगते, मांस घातलंय. आता मोजतो मी तुकडे."

"मुलगा-सून?"

"ते पोरांना घेऊन त्यांच्या खोलीत. तिथे सुईला जागा नाही."

"आणि तुमची खोली?"

आगांनी टोपी थोडी पुढे ओढली. "खोलीला काय झालंय? आहे तिथेच."

"छताचा डाग वाळला का, एवढं बघून येते."

"रिम्मा, नको जाऊस. ए पोरी!"

पण ती गेली होती. दार उघडताच गारठा अंगावर आला, तळघराचा येतो तसा. खिडकीच्या काचेला आतून बोटभर जाड बर्फ धरला होता. छतावरचा डाग वाळून तपकिरी झाला होता आणि खरोखरच बशीएवढा होता. ज्या ओलीची भीती तिला इतके दिवस आतून खात होती, ती ओल कधीच गेली होती. तिने रेडिएटरला हात लावला आणि पटकन मागे घेतला, इतकं लोखंड गार होतं. मग तिने पुन्हा हात ठेवला, मुद्दाम. मग उभ्या पाइपावर ठेवला. तो पाइप छतातून वर जात होता. वर तिचंच घर होतं.

आयुष्यभर तिने उभे छेद काढले होते. एका रेघेत काय कशावर उभं आहे हे ओळखण्याचाच तिला पगार मिळत होता. या इमारतीचा छेद तिने कधी मनात काढला नव्हता, तो आता पाइपाला हात लावून उभ्या उभ्या निघाला. तळघरातून गरम पाणी चढतं, तळमजला म्हणजे पहिला, मग दुसरा, तिसरा, चौथा, पाचव्यावर तिच्या वडिलांच्या रेडिएटरमधून वळसा घेतं आणि शेजारच्या पाइपाने परत खाली येतं. वळशावरच्या व्हॉल्व्हचं चाक तिने टॉवेलात धरून आवळलं होतं.

मागे दार वाजलं. कुलाश-आपा हातात पाव घेऊन उभ्या होत्या, ओव्हरकोट अंगातच.

"मी नव्हते तर शिरलीस होय आत."

"आपा, किती दिवस?"

"कसले किती दिवस? चल, चहा टाकते."

"किती दिवस गार आहे हे?"

आपांनी पाव टेबलावर ठेवला. "तू मोज. तुला मोजता येतं."

"सगळ्यांचं?"

"पाचही मजल्यांची एकेक खोली. झोयाची झाडं गेली बिचारीची, दोन वाचलीत."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार? तिसऱ्या मजल्यावरचा तो मिशाळ निघाला होता वर, तावातावाने. मी जिन्यात आडवी झाले. म्हटलं, चाळीस दिवस व्हायच्या आत मेलेल्याच्या घरी भांडण घेऊन जायचं नाही. जायचं असेल तर माझ्यावरून जा."

"भांडण कुठलं, आपा? थंडी वाजते एवढं सांगायचं होतं!"

"थंडी वाजली की माणूस गोड बोलतो होय? सातच दिवस राहिले होते. निघाले असते."

"हा खोकतोय कोण मग?" स्वयंपाकघरातून आगा ओरडले. "मी तर तुमच्या लेखी बरा आहे!"

रिम्मा दाराकडे वळली. तिचा चेहरा बघून आपांनी तिचा दंड धरला, पण ती हात सोडवून जिना चढून गेली आणि वडिलांच्या खोलीत जाऊन चाक उलटं फिरवलं. पाइपातून कोणीतरी दीर्घ श्वास घ्यावा तसा आवाज झाला. मग दांड्याच्या मुळातून पाणी आलं. आता थेंब नव्हता. सुतासारखी धार होती, आणि ती गरम होती.

तिने फोन केला आणि रुस्तेम तासाभरात आला. तो वस्तीचा मेस्त्री. एकोणिसाव्या वर्षी एमिल गोत्लिबोविचच्या हाताखाली लागला होता, आता पन्नाशीला टेकला होता. धारेखालचं घमेलं अर्धं भरलेलं बघून त्याने शीळ घातली.

"उघडलात तर शेवटी. मला वाटलं, चाळिसाव्या दिवसापर्यंत बंदच राहणार."

"तुम्हालाही माहीत होतं?"

"रिम्मा एमिल्येव्हना, मी तळघरात पाइपाला हात लावला आणि तेव्हाच कळलं. वर जाताना गाठलं आपांनी. मला म्हणाल्या, पाना घेऊन पायरी चढलास तर तोच पाना तुझ्या डोक्यात घालीन. त्या घालतात. माझ्या मेस्त्रीला, म्हणजे तुमच्या बाबांनाही, एकदा लाटणं बसलंय त्यांचं." तो गुडघ्यांवर बसला. बरोबर तिथेच, जिथे वडील बसायचे. "हा वरचा व्हॉल्व्ह दिसतोय? आणि इथे खाली, या दोन पाइपांना जोडणाऱ्या आखूड तुकड्यावर दुसरा? वरचा बंद करायचा तर आधी खालचा उघडायचा. मग पाणी तुमच्या रेडिएटरला वगळून आखूड वाटेने परत फिरतं, खालच्यांचं काही अडत नाही. मेस्त्रीने स्वतः बसवलं होतं हे. तुम्हाला कधी बोलले नाहीत?"

बोलले होते. रिम्माला ते वाक्य जसंच्या तसं आठवलं, त्यातल्या विरामासकट. आधी खालचा, मग वरचा, रिम्मा, ऐकतेस ना? आणि ती हो म्हणाली होती, पान न उलटता, बोट ओळीवर ठेवून.

"बोलले होते," ती म्हणाली.

रुस्तेमने तिच्याकडे एकदा पाहिलं. त्याने खालच्या व्हॉल्व्हचं चाक धरून ताकद लावली. चाक तुटून त्याच्या हातात आलं. "झालं. वीस वर्षं कोणी हलवला नाही तर रुसणारच. हा उघडला असता तर पाच मिनिटांत काम होतं."

"आणि आता?"

"आता दोन रस्ते. एक, असंच चालू ठेवायचं. खालचे उबेला येतील. धार चालू राहील. दर दोन तासांनी घमेलं रिकामं करायचं, दिवसा, रात्री, एप्रिलपर्यंत. एक डुलकी लागली की आगांच्या उशीवर गरम पाणी."

"दुसरा?"

"पूर्ण पाइप रिकामा करायचा आणि आजच दुरुस्त करायचं. पण बाहेर उणे अठ्ठावीस आहे आणि उद्या पस्तीसवर जाणार. इतके दिवस तळघरातली ऊब पाण्यातून वर चढली म्हणून पाइप तगला; रिकामा केल्यावर दोन तासांच्या आत भरला नाही, तर वळणात उरलेल्या पाण्याने तो जिन्यालगत गोठतो. गोठला की फुटतो. मग पाचही घरं वसंतापर्यंत गार. मेस्त्री अशा थंडीत पाइप उघडायचे नाहीत. आम्हालाही उघडू द्यायचे नाहीत."

रिम्मा धारेकडे बघत होती. खालून आगांचा खोकला ऐकू आला. या घरात तो नेहमीच ऐकू यायचा. गेले काही दिवस तो जागा बदलून, स्वयंपाकघराखालून येत होता, हे आता तिच्या लक्षात आलं.

"आजच करा," ती म्हणाली. "सगळ्यांना विचारून येते."

चारही दारं तिने स्वतः वाजवली. प्रत्येक दारात तिने एकच सांगितलं, पाइप मी बंद केला होता, चुकून. आज दोन तास तो पूर्ण रिकामा करावा लागेल आणि त्यात धोका आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या मिशाळ गृहस्थाने तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाला, "बादल्या आहेत का पुरेशा?" झोया मार्कोव्हनांनी दोन परड्या जुने टॉवेल दिले.

तळघरातून पाणी सुटलं तेव्हा पाइप गुरगुरला आणि शांत झाला. रुस्तेमने घड्याळ काढून खिडकीत ठेवलं.

"आता ऐका. नुसतं पॅकिंग बदलून भागणार नाही, दांडा झिजलाय. नवा व्हॉल्व्ह आणलाय मी, पितळी. पण जुना काढायचा तर हे सगळं काढावं लागेल. मेस्त्रीचं." तो मान खाली घालून बोलत होता. "मला जरा जड जातंय, खरं सांगतो."

"काढा."

त्याने पाना लावला. पान्याच्या दांड्याला पाइपाचा तुकडा जोडून लांबवला. चेहरा लाल झाला. जोड तसूभर हलला नाही. दुसरा प्रयत्न. तिसरा.

"म्हातारा उघडू देत नाही!" तो ओरडला, आणि त्याच्या आवाजात राग होता की अभिमान, ते त्यालाही सांगता आलं नसतं. "आट्यांवर वाखाचे धागे आणि वर लाल शेंदरी रंग. आमच्याकडून असा जोड वळवून घ्यायचे, मग स्वतः उलटा फिरवून बघायचे. फिरला की एक टपली. बघा ना, गळला तो कारखान्यातून आलेला दांडा. यांचा जोड नाही गळला."

पंचवीस मिनिटं गेली होती. "मग कापा," रिम्मा म्हणाली.

"रिम्मा एमिल्येव्हना..."

"कापा, रुस्तेम. खाली माणूस आहे."

विजेच्या करवतीच्या ठिणग्या उडाल्या. दोन्ही व्हॉल्व्ह आणि मधला आखूड तुकडा एकामागून एक ठण ठण करत टॉवेलवर पडले. रुस्तेमने पाइपाच्या तोंडावर नवे आटे पाडले आणि वाखाची जुडी तिच्या हातात दिली. "माझी बोटं गारठलीत. केस विंचरतात तसा विंचरा, एकही गाठ नको. आट्यांच्या दिशेने गुंडाळायचा, टोकाकडून आत. उलटा गुंडाळलात तर आवळताना सगळा बाहेर येतो."

तिने वाख सोडवला. जवसाचा तो धागा मऊ, फिकट पिवळा होता आणि त्याला वडिलांच्या बाह्यांचा वास होता. तिने हाताची गती कमी होऊ दिली नाही. गुंडाळलं, वर रंग फासला. रुस्तेमने निरखून पाहिलं. "टपली नाही," तो म्हणाला.

त्याने नवा पितळी व्हॉल्व्ह उचलला.

"तो नको."

"अहो, मग उद्या एप्रिलच्या उन्हात ही खोली भट्टी झाली तरी बंद करता येणार नाही तुम्हाला."

"खिडकी उघडीन. सरळ पाइप बसवा. या घरातून कोणाला काही बंद करता येऊ नये."

रुस्तेमने व्हॉल्व्ह पिशवीत परत टाकला. सरळ पाइप बसला, शेवटची ढिबरी आवळली गेली तेव्हा एक तास पस्तीस मिनिटं झाली होती.

तळघरात मोबाइल लागत नाही. ठरलं असं, की रुस्तेम खालून हळूहळू पाणी सोडेल, रिम्माने वर रेडिएटरच्या कडेची हवा सोडायची चकती उघडून बसायचं आणि पाणी पोचलं की चमच्याने पाइपावर तीन ठोके द्यायचे. तिने घमेलं मांडीशी घेतलं. आधी काहीच नव्हतं. मग बारीक फुसफुस सुरू झाली. ती वाढली, थांबली, पुन्हा सुरू झाली. हवेला गंजाचा आणि जुन्या लोखंडाचा वास होता. पाइप रिकामा करायला लागल्याला एक तास बावन्न मिनिटं झाली. मग चकतीतून काळं पाणी थुंकलं गेलं, मग हवा, मग पुन्हा पाणी, आणि मग एक सरळ गरम धार घमेल्यात पडू लागली. तिने चकती मिटली. नव्या जोडाभोवती बोट फिरवलं, एकदा, दोनदा. कोरडा. तिने तीन ठोके दिले.

खालून तीन आले. मग मधल्या कोणत्यातरी मजल्यावरून, कोणी सांगितलं नसताना, आणखी दोन.

संध्याकाळी पाचला आगांना त्यांच्या खोलीत परत नेलं. मुलाने आणि रुस्तेमने खाट उचलली, आपा पुढे दारं उघडत गेल्या आणि रिम्माने उशी आणली. काचेवरचा बर्फ सुटून चौकटीत पाणी साचलं होतं. ती टॉवेलने टिपत राहिली.

"पुन्हा पदच्युत," आगा म्हणाले. "आता कढईत काय घालतेस ते कोण बघणार?"

"बघून तरी काय करत होतास? खाल्लंस का काही?" आपांनी त्यांची टोपी काढून घेतली. डोक्याचे पांढरे केस एका बाजूला चिकटून बसले होते. त्यांनी ते हाताने सारखे केले.

"आगा," रिम्मा म्हणाली. "माझ्यामुळे..."

"गप्प बस. खाणीत एकदा तुझ्या बापाने पंपाचा खटका चुकीचा ओढला होता. मी कमरेपर्यंत पाण्यात उभा, फेब्रुवारीत. तोवर आमची ओळखही नव्हती."

"मग?"

"मग काय? वर आल्यावर मी त्याला असा काही..." ते थांबले. रेडिएटर आता पूर्ण तापला होता आणि खोलीत ओल्या लाकडाचा वास येत होता. "असा काही हाणला, की... तो म्हणाला... थांब, काय बरं म्हणाला..."

त्यांचे डोळे मिटले. रिम्मा वाट बघत राहिली. आपांनी ओठांवर बोट ठेवलं. दोघी कान देऊन उभ्या राहिल्या. आता खोकला येईल, आता येईल. छाती वर-खाली होत होती, घरघरत होती, पण खोकला आला नाही.

"काय म्हणाले होते बाबा?" रिम्माने अगदी हळू विचारलं.

"मला काय माहीत. दर वेळी वेगळंच सांगतो," आपा कुजबुजल्या. "आणि हलू नकोस. ती फळी वाजते."

रिम्माचा एक पाय त्या फळीवर होता. ती हलली नाही. आपांनी हात लांबवून भिंतीशी असलेलं स्टूल आपल्याकडे ओढलं, आवाज न करता, आणि स्वतः बसायच्या ऐवजी ते तिच्यामागे सरकवलं.